मराठी गणितग्रंथांची अक्षरजुळणी : चिन्ह आणि अक्षर
खिळे जुळविण्याच्या काळी गणिती मजकुराची छपाई अत्यंत किचकट मानली जाई. घातांक, वर्गमूळ, संकलनचिन्ह यांना निरनिराळ्या पातळ्यांवर बसवावे लागे. डोनाल्ड नूथ यांच्या 'टेक' या संगणकप्रणालीने (१९७८) प्रत्येक चिन्हाला उंची, खोली व रुंदी असलेली चौकट मानून हा प्रश्न सोडविला. मराठी ग्रंथकाराची अडचण मात्र कायम राहिली. समीकरण सुबक उमटे, त्याचे विवरण करणारे मराठी वाक्य उमटत नसे.

नेदरलँड्समधील फ्रान्स वेल्थुइस यांच्या 'देवनाग' या आज्ञावलीने १९९१ साली ही उणीव बरीचशी भरून काढली. तथापि मराठी शब्द रोमन अक्षरांतूनच टंकित करावे लागत. मुद्रितशोधकास ती शिक्षाच होती.

खरी कसोटी 'ऱ्य'ची. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे (प्राध्यापकवर्गाने हे विशेष ध्यानी घ्यावे). हिंदीला या चिन्हाची गरज नाही. त्यामुळे केवळ हिंदीसाठी घडविलेल्या अक्षरसंचात ते राहून जाण्याचा धोका असे. जोनाथन क्यू यांच्या 'झीटेक'ने (२००४) युनिकोडमधील देवनागरी थेट स्वीकारली, आणि समीकरणाशेजारी मराठी वाक्य मराठीतच लिहिता येऊ लागले. 'ऱ्य' नीट उमटणे मात्र निवडलेल्या अक्षरसंचावरच अवलंबून राहिले.