किती दिवसांनी निंदावं?

रोपवाटिकेत नव्यानं आलेला विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात विचारतो, निंदणी किती दिवसांनी करायची? त्याला एक आकडा हवा असतो. मला हा प्रश्न फार आवडतो, कारण त्याचा माग काढत गेलं की अख्खी रोपवाटिका पालथी घालावी लागते.

सागाचाच गादीवाफा घ्या, १२ मीटर लांब, १.२ मीटर रुंद. सागाचं फळ टणक. आलटून पालटून भिजवलं, वाळवलं, तरी उगवण दहाव्या दिवसाच्या सुमारास सुरू होते आणि महिनाभर रेंगाळते. केना आणि घोळ ही तणं इतकी वाट पाहत नाहीत. सागाची नखाएवढी बीजदलं वर येतात तेव्हा त्यांच्यावर आधीच सावली पडलेली असते, आणि सागाला तर जन्मापासून ऊन हवं. म्हणून पहिले दोन महिने दर आठ-दहा दिवसांनी वाफ्यात बसावं, पुढे पंधरवड्यानं. रोपांची पानं एकमेकांना भिडली की वाफा स्वतःच तण दाबतो. मग महिन्यातून एकदा नजर फिरवली तरी पुरे. वर्षभरानं लावणीसाठी जडी, म्हणजे छाटलेलं खोडमूळ, काढायची, ती अंगठ्याएवढी जाड भरावी लागते. सुरुवातीच्या दोन निंदण्या चुकल्या तर ती जाडी पुढे कितीही खत घालून भरून येत नाही.

पिशवीतल्या रोपांचं गणित निराळं. जेमतेम किलोभर माती, तिच्यात दोन मुळांना जागा नसते. तण बोटभर होण्याआधीच, पाणी दिल्यानंतर, ओल्या मातीतून अलगद उपटावं. उशीर झाला की तणाबरोबर रोपही हलतं, आणि तुटलेली तंतुमुळं वरून कुणाला दिसत नाहीत.

लव्हाळ्यापुढे मात्र दिवस मोजणं अपुरं पडतं. वरची पात तुटते, गाठ जमिनीत राहते आणि पुन्हा फुटते. नवी पात गाठीला अन्न पुरवायला लागण्याआधी ती खुडत राहणं, हाच गाठीला थकवण्याचा मार्ग. खरं तर तणाशी लढाई एप्रिल-मेमध्येच सुरू व्हायला हवी: शेणखत नीट कुजलेलं घ्यावं, ओल्या वाफ्यावर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून माती उन्हात तापवावी. लव्हाळ्याच्या खोल गाठी त्यातूनही वाचतात, पण वरच्या थरातलं बरंचसं तणाचं बी तिथंच संपतं.

आणखी एक गोष्ट ग्रंथांत क्वचित येते. निंदणी बहुतेक बायकाच करतात. कोवळा साग कोणता आणि तण कोणतं, हे त्या दोन पानांवरून सांगतात. त्यांच्याशेजारी खुरपं घेऊन बसल्याशिवाय हा विषय कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. पुढची प्रकरणं वाचताना एखादा वाफा आपला म्हणून निवडा. कोणतं तण कितव्या दिवशी उगवलं आणि कितव्या दिवशी फुललं, याची वही ठेवा. पहिलं प्रकरण बीजदलांच्या ओळखीचं आहे. ते वाफ्यापाशी बसूनच वाचावं.