ट्रेडमिल : तुरुंगातून घरात
ट्रेडमिलचा जन्म तुरुंगात झाला. १८१८ मध्ये इंग्रज अभियंते विल्यम क्युबिट यांनी कैद्यांसाठी पायचक्र रचले. पायऱ्या चढणाऱ्या कैद्यांच्या वजनाने ते फिरे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती शिक्षा संपुष्टात आली. १९६३ मध्ये रॉबर्ट ब्रूस यांच्या हृदयचाचणीमुळे ट्रेडमिल रुग्णालयांत रुजली आणि त्याच दशकात विल्यम स्टॉब यांनी ती घरात आणली.

हिवाळ्यात दिल्लीवर धुरके दाटले की मयूर विहारसारख्या वसाहतीत यमुनाकाठी फिरण्यापेक्षा घरातच चालणे हितावह ठरते. मात्र वजनदार व्यक्तीने यंत्र निवडताना एक उलटापालट ध्यानी घ्यावी. तुरुंगातील चक्राला वजन गती देई. मोटरच्या यंत्रात तेच वजन पट्टा फळीवर दाबते, घर्षण वाढवते आणि मोटर तापवते. धावताना प्रत्येक पावलाचा भार वजनाच्या दुप्पटीहून अधिक असतो.

म्हणून ११० किलो वजनाच्या व्यक्तीने १३० ते १४० किलो क्षमतेचे यंत्र घ्यावे; क्षणिक कमाल अश्वशक्तीऐवजी सतत मिळणारी अश्वशक्ती, जाड फळी आणि रुंद पट्टा पाहावा. मोजका पैसा पडदा व ध्वनिवर्धकाऐवजी सांगाडा आणि मोटरीवर खर्चावा.