गोमतीकाठच्या कोठ्या : लखनौच्या वास्तुइतिहासातील सत्तांतरे आणि परीखान्याचे मराठी पर्व

एखादी ऐतिहासिक वास्तू कोणी बांधली, हा तिच्या इतिहासातील पहिला प्रश्न होय. परंतु तो अखेरचा नव्हे. बांधणाऱ्याच्या हातून ती कोणाकडे गेली, कोणत्या कारणाने गेली आणि नव्या धन्याने तिचा कसा उपयोग केला, हे प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने अधिक फलदायी ठरतात. लखनौ येथे गोमतीच्या काठी उभ्या असलेल्या कोठ्यांच्या बाबतीत हे विधान विशेषत्वाने खरे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८५६ पर्यंतच्या सुमारे पाऊणशे वर्षांत या कोठ्या उभ्या राहिल्या आणि १८५७-५८ च्या संग्रामात त्यांतील बहुतेक रणभूमी बनल्या. पुढे कोणी शाळा, कोणी क्लब, कोणी प्रयोगशाळा, तर कोणी संगीत विद्यालय म्हणून त्या वापरल्या. या अखेरच्या वापराशी मराठी माणसांचा फार निकटचा संबंध आहे. प्रस्तुत लेखात या वास्तूंचा परामर्श त्या दृष्टीने घेतला आहे.

कोठी आणि वाडा

मराठी वाचकाला 'ऐतिहासिक वास्तू' म्हटले की वाडा आठवतो. वाड्याचे तोंड आतल्या बाजूला असते. दिंडी दरवाजा, चौक, चौकाभोवती सोपे, त्यामागे माजघर अशी त्याची रचना असते आणि सारा प्रकाश चौकातून मिळतो. उत्तर हिंदुस्थानातील जुनी हवेलीही याच जातीची. लखनौची कोठी मात्र याच्या नेमकी उलट आहे. तिच्यात चौक नाही. मधोमध मोठे दालन, त्याभोवती खोल्या, चारही अंगांना खिडक्या आणि समोर बाग किंवा नदी अशी तिची मांडणी आहे. ही रचना कंपनी सरकारच्या अंमलदारांच्या व युरोपीय व्यापाऱ्यांच्या घरांवरून आली. पडदा पाळणाऱ्या कुटुंबाच्या नित्य वास्तव्याला ती फारशी सोयीची नव्हती. म्हणूनच अनेक कोठ्या नवाबांनी शिकार, मेजवान्या आणि पाहुण्यांची सरबराई यांसाठी राखून ठेवल्या. त्या राहण्यापेक्षा भेट देण्यासाठी बांधल्या गेल्या, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

बांधकामाचे साहित्य मात्र सर्वस्वी देशी होते. अवधच्या गाळाच्या मैदानात दगड दुर्मीळ असल्याने 'लाखौरी' नावाची पातळ, लहान वीट चुन्यात बसवून तिच्यावर चुन्याचाच गुळगुळीत गिलावा दिला जाई. दूरवरून संगमरवरी भासणारे खांब आणि कमानी आतून विटेच्या असत. गिलावा शाबूत असेतो ही वास्तू देखणी दिसते. तो गळून पडला की पावसाळा विटेला खाऊ लागतो. लखनौच्या वास्तूंच्या जतनाचा प्रश्न मुळात या गिलाव्याचा प्रश्न आहे.

मार्तीनची दोन घरे

१७७५ मध्ये असफउद्दौलाने अवधची राजधानी फैजाबादहून लखनौस आणली आणि शहराच्या उभारणीला वेग आला. याच काळात तेथे स्थिरावलेला क्लॉड मार्तीन हा फ्रान्समधील लियाँचा रहिवासी. १७३५ मध्ये जन्मलेला हा गृहस्थ फ्रेंचांच्या सेवेतून इंग्रजांच्या सेवेत आला आणि नवाबाच्या शस्त्रागाराची व्यवस्था पाहता पाहता धनाढ्य झाला. त्याचे नदीकाठचे निवासस्थान पुढे 'फरहत बख्श' या नावाने प्रसिद्धीस आले. नदीच्या पातळीशी भिडलेले तहखाने हे त्याचे वैशिष्ट्य होते. उन्हाळ्यात तेथील गारव्याचा आश्रय घ्यावयाचा आणि पुराचे पाणी चढू लागले की वरच्या मजल्यावर जावयाचे, अशी व्यवस्था होती. मार्तीनच्या मृत्यूनंतर ही वास्तू नवाब सआदत अली खानाकडे आली आणि राजनिवास बनली. एका परकीय व्यापाऱ्याच्या घराचे राजवाड्यात रूपांतर होते, यातच त्या काळच्या लखनौचे सामाजिक चित्र सामावलेले आहे.

त्याचे दुसरे घर 'कॉन्स्टॅन्शिया'. ते पुरे होण्यापूर्वीच १३ सप्टेंबर १८०० रोजी मार्तीन मरण पावला आणि त्याच्या इच्छेनुसार त्याच वास्तूच्या तळघरात त्याला पुरण्यात आले. थडगे असलेले घर मुसलमान राजा ताब्यात घेणार नाही, असा यामागे हेतू होता, असे सांगितले जाते. हेतू कोणताही असो, वास्तू टिकली. त्याच्या मृत्युपत्रातील तरतुदीनुसार १८४५ मध्ये तेथे ला मार्टिनियर विद्यालय सुरू झाले. १८५७ मध्ये या शाळेचे विद्यार्थी व शिक्षक रेसिडेन्सीत हलविण्यात आले आणि वेढ्यातील कामांत त्यांनी भाग घेतला. शाळा आजही त्याच वास्तूत भरते. आपल्या मूळ उद्दिष्टाला आजतागायत धरून राहिलेली अशी वास्तू लखनौच्या कोठ्यांत क्वचितच आढळते.

दिलखुशा : समुद्रकाठच्या घराची प्रतिकृती

सआदत अली खानाच्या कारकिर्दीत (१७९८–१८१४) शहराच्या पूर्वेस 'दिलखुशा' ही कोठी उभी राहिली. तिची उभारणी गोर औस्ली या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झाली. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, नॉर्थम्बरलँडमध्ये, उत्तर समुद्रानजीक असलेल्या 'सीटन डेलव्हल हॉल' या वास्तूशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. जॉन व्हॅनब्रू या वास्तुकाराने रचलेले ते घर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. थंड, वादळी समुद्रकिनाऱ्यासाठी कल्पिलेले रूप अवधच्या तप्त मैदानात, हरणे बाळगलेल्या उपवनात, लाखौरी विटेत उतरले.

या अनुकरणाकडे केवळ हौस म्हणून पाहणे अपुरे ठरेल. ज्या प्रसंगाने सआदत अली गादीवर आला तो प्रसंगही एका कोठीतच घडला होता. १७९८ च्या जानेवारीत गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने बिबियापूरच्या कोठीत दरबार भरवून वजीर अलीला पदच्युत केले आणि त्याच्या जागी सआदत अलीला बसविले. पुढे १८०१ च्या तहाने अवधचा निम्मा मुलूख कंपनीकडे गेला. राज्याचा संकोच होत असताना राजधानीत युरोपीय धर्तीच्या कोठ्या वाढत गेल्या, हा योगायोग नव्हे. सैन्य आणि परराष्ट्रसंबंध हातून गेलेल्या राजाला आपले वैभव प्रकट करण्यास बांधकाम हेच एक मोकळे क्षेत्र उरले होते.

सीटन डेलव्हलचा मध्यभाग १८२२ च्या आगीत भस्मसात झाला. दिलखुशा १८५७-५८ च्या लढाईत उद्ध्वस्त झाली. मूळ वास्तू आणि तिचे प्रतिबिंब अशा दोघींनाही अवशेषरूप आले. मात्र एकीचा नाश अपघाताने झाला आणि दुसरीचा युद्धाने, हा भेद विसरता येत नाही.

१८५७ आणि त्यानंतर

मराठी वाचकाच्या मनातील १८५७ हे प्रामुख्याने बिठूर, कानपूर, काल्पी आणि झाशी येथील आहे. लखनौचा संग्राम त्याच कथेचा दुसरा अर्धा भाग असूनही मराठीत त्याचे वर्णन तुलनेने कमी आले. ३० जून १८५७ रोजी चिनहट येथे इंग्रजांचा पराभव झाला आणि रेसिडेन्सीला वेढा पडला. ४ जुलै रोजी सर हेन्री लॉरेन्स मरण पावला. २५ सप्टेंबरला हॅवलॉक व औट्रॅम आत शिरले, पण तेही वेढ्यात अडकले. नोव्हेंबरमध्ये कॉलिन कॅम्पबेलने वेढलेल्यांना बाहेर काढले; त्याच वेळी, २४ नोव्हेंबरला, हॅवलॉकचा दिलखुशा येथे अंत झाला. शहर इंग्रजांच्या हाती पूर्णपणे आले ते १८५८ च्या मार्चमध्ये. या मोहिमेत कोठ्या एकामागून एक ठाणी म्हणून लढविल्या गेल्या. गच्चीवरून गोळीबार, बागेच्या भिंतीला भगदाड, मग खोल्याखोल्यांतून झुंज असा तो क्रम होता.

नंतरचा विध्वंस लढाईतला नव्हता, तो नियोजनाचा होता. रॉबर्ट नेपियरच्या योजनेप्रमाणे दाट वस्तीतून आणि राजवाड्यांच्या आवारातून रुंद रस्ते काढण्यात आले. ज्या वास्तू उरल्या त्यांना नवे धनी मिळाले. गाझीउद्दीन हैदरने आरंभिलेली आणि नसीरउद्दीन हैदरच्या काळात पुरी झालेली छत्तर मंझिल ही गोऱ्या अधिकाऱ्यांचा क्लब बनली. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये तेथे केंद्रीय औषध संशोधन संस्था सुरू झाली आणि सहा दशके तेथेच राहिली. गोळीबाराने चाळण झालेली रेसिडेन्सी मात्र मुद्दाम दुरुस्त केली गेली नाही. जेत्यांनी ती आपल्या पराक्रमाचे स्मारक म्हणून त्याच अवस्थेत राखली. आज तिथे येणारा भारतीय प्रेक्षक त्याच भिंतींकडे दुसऱ्या बाजूच्या पराक्रमाची खूण म्हणून पाहतो. दगडविटांत काही बदललेले नसताना त्यांचा अर्थ पालटला आहे.

परीखाना

१८४७ मध्ये गादीवर आलेल्या वाजिद अली शाहने कैसरबाग हा विस्तीर्ण प्रासादसमूह उभारला. त्याच परिसरातील 'परीखाना' येथे निवडलेल्या स्त्रियांना गायन, वादन व नृत्य यांचे शिक्षण दिले जाई. पुढे 'बेगम हजरत महल' म्हणून इतिहासात अमर झालेली स्त्री 'महकपरी' या नावाने याच परीखान्यात होती. फेब्रुवारी १८५६ मध्ये अवध खालसा झाले. राजा कलकत्त्यानजीक मटियाबुर्ज येथे गेला. बेगम मागे राहिली. १८५७ मध्ये आपल्या अल्पवयीन मुलाला, बिरजिस कद्रला, गादीवर बसवून तिने संग्रामाचे नेतृत्व केले. पराभवानंतर नानासाहेब पेशव्यांप्रमाणे तीही नेपाळात गेली आणि १८७९ मध्ये काठमांडू येथे तिचा अंत झाला.

राजाच्या संगीतप्रेमाला इंग्रज अधिकाऱ्यांनी नादानपणाचा पुरावा मानले आणि खालसा धोरणाच्या समर्थनार्थ त्याचा वापर केला. परीखाना हे या आरोपपत्रातील जणू पहिले कलम होते. त्याच वास्तूत पुढे विद्येची प्रतिष्ठापना झाली, ही घटना म्हणूनच विचारात घेण्याजोगी आहे.

पदच्युत राजाचे घर ही कल्पना कोकणालाही अपरिचित नाही. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून पुढे रत्नागिरीस ठेवले. समुद्राकडे तोंड करून उभा असलेला तेथील राजवाडा १९१० च्या सुमारास त्याच्यासाठी बांधला गेला आणि १९१६ मध्ये तेथेच त्याचा मृत्यू झाला. रत्नागिरीत राजा आहे, पण राज्य दूर आहे. कैसरबागेत राज्याची भूमी आहे, पण राजा दूर गेला आहे. दोन्ही वास्तू एकाच सत्तेच्या एकाच नीतीची साक्ष देतात.

भातखंडे आणि लखनौ

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० मध्ये मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. वकिलीचा व्यवसाय सोडून त्यांनी हिंदुस्थानी संगीताचे शास्त्र आणि परंपरागत चिजा यांच्या संकलनाला वाहून घेतले. 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' आणि 'क्रमिक पुस्तक मालिका' हे त्यांचे ग्रंथ मुळात मराठीत आहेत. १९१६ मध्ये बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेपासून त्यांनी राष्ट्रीय पातळीवरील विद्यालयाचा आग्रह धरला होता. १९१८ मध्ये शिंदे सरकारच्या आश्रयाने ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय निघाले. लखनौच्या परिषदांनंतर राय उमानाथ बली आणि राय राजेश्वर बली यांच्या साहाय्याने १९२६ मध्ये लखनौस विद्यालय स्थापन झाले. तत्कालीन गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या नावावरून त्यास 'मॅरिस कॉलेज' म्हणत. कालांतराने ही संस्था परीखान्याच्या वास्तूत आली.

पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी सुमारे तीन दशके या संस्थेची धुरा वाहिली. सातारा जिल्ह्यातील वि. गो. जोग, बेळगावजवळच्या बैलहोंगलचे कृ. गुं. गिंडे, दिनकर कायकिणी अशी महाराष्ट्र व सीमाभागाशी नाते असलेली अनेक मंडळी तेथे घडली. त्याच वेळी तबल्याचे खलिफा आबिद हुसेन खाँ आणि सरोदवादक सखावत हुसेन खाँ हे लखनौचे उस्तादही तेथे अध्यापन करीत होते.

भातखंडे यांच्या कार्यावर एक आक्षेप वारंवार घेतला जातो. घराण्यातील उस्तादांच्या कंठातील विद्या त्यांनी कागदावर आणली, पण तिचा मूळ संदर्भ पुसट केला, असे म्हटले जाते. स्वरलिपीत मींड व गमक यांचे सारे बारकावे उतरत नाहीत, हे मान्यच करावे लागेल. ग्रंथाला प्रमाण मानणाऱ्या दृष्टीने मौखिक परंपरेचे मोल कमी लेखले गेले, यातही तथ्य आहे. तथापि लखनौच्या उदाहरणावरून असे दिसते की, राजाश्रय संपल्यानंतर सत्तर वर्षांनी उस्तादांना त्यांच्याच शहरात, त्यांच्या राजाच्याच वास्तूत, शिक्षक म्हणून स्थान मिळाले. जे ज्ञान ऐषारामाचे लक्षण ठरवून राज्य बुडविले गेले, तेच ज्ञान अभ्यासक्रम व परीक्षा यांच्या चौकटीत प्रतिष्ठित झाले. त्यासाठी संस्थेला गव्हर्नराचे नाव घ्यावे लागले, हा त्या काळाने वसूल केलेला कर होय. १९६६ मध्ये संस्था राज्य सरकारकडे आल्यावर तिला भातखंडे यांचे नाव देण्यात आले. २००० मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०२२ पासून ती भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय म्हणून ओळखली जाते.

समारोप

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. लखनौच्या ज्या कोठ्यांना नवे काम मिळाले त्या तगल्या. ज्यांना मिळाले नाही त्या अवशेष झाल्या. पण वापरानेही वास्तू झाकली जाते. छत्तर मंझिलीत प्रयोगशाळा असेपर्यंत तिचा बराच भाग सामान्य अभ्यासकाच्या दृष्टीआड होता. संस्था अन्यत्र गेल्यानंतरच्या उत्खननात भूमिगत दालने आणि एका जुन्या नौकेचे अवशेष उजेडात आले. नदी आणि कोठी यांचे जे नाते वर्णनांतून ठाऊक होते, त्याला त्यामुळे प्रत्यक्ष पुराव्याची जोड मिळाली. जतन म्हणजे केवळ गिलावा करणे नव्हे, तर वास्तूचे थर एकमेकांना न पुसता वाचता येतील अशी व्यवस्था करणे होय. परीखान्यात नवाबी, इंग्रजी आणि मराठी असे तीन थर एकत्र आहेत. त्यांतील मराठी थराची नोंद मराठीत सविस्तरपणे होणे अगत्याचे आहे. कारण लखनौत ती वास्तू पाहणारा प्रेक्षक भातखंडे हे नाव वाचतो, पण ते कोणत्या भाषेत लिहीत होते हे त्याला तेथील भिंती सांगत नाहीत.