रूपाची मोजदाद

सौंदर्य ही मोजावयाची वस्तू नव्हे असे आपण म्हणतो खरे. पण ते मोजल्यावाचून माणूस राहिलेला नाही. आपल्या शिल्पशास्त्राने मूर्तीसाठी नवताल प्रमाण ठरविले. हनुवटीपासून केसांपर्यंतचा चेहरा म्हणजे एक ताल, बारा अंगुळे. अशा नऊ तालांची, १०८ अंगुळांची मूर्ती. हे माप कोणा चालत्याबोलत्या बाईचे नव्हे. ते आधी ठरले आणि दगड त्याप्रमाणे घडविला गेला.

इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टनने याच्या उलट केले. रस्त्यात दिसणाऱ्या स्त्रियांची देखणी, बेताची आणि कुरूप अशी वर्गवारी तो खिशातल्या कागदाला टोचे पाडून करी. त्यात लंडनचा नंबर पहिला व ॲबर्डीनचा शेवटचा आला! टोचे बरोबर मोजले असतील. पण मोजली गेली ती गाल्टनसाहेबांची आवड.

आपल्याकडे मोजपट्टी घेऊन निघालेल्या विदुषी म्हणजे इरावतीबाई कर्वे. बर्लिन येथे त्यांनी मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेवर प्रबंध लिहिला. युरोपीय कवटी इतरांहून वेगळी ठरेल ही त्यांच्या गुरूंची अपेक्षा होती. बाईंच्या मापांनी ती पुरी केली नाही. पुढे १९५१ मध्ये वि. म. दांडेकरांसह त्यांनी महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. उंची, डोके, नाक यांची ती मापे आहेत. ‘चांगले नाक’ कोणते, हा प्रश्न त्या पट्टीला विचारून उपयोग नाही. शरीर मोजता येते. आवड मोजावयाची तर शब्दांकडे वळावे लागते.

मग बारामती-इंदापूरच्या बाजूला रूपाचा आलेख काढावयाचा कसा? बारामतीस मोरोपंत (१७२९–१७९४) राहिले. त्यांच्या काव्यातील उपमा मोजता येतील. पण कमलनेत्र, चंद्रमुख ही संस्कृताची परंपरा आहे. त्यावरून कऱ्हाकाठच्या घरांतील पसंती कळणार नाही. त्या घरांतील आवाज जात्यावरच्या ओव्यांत सापडतो. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवून त्यांचे विषयवार वर्गीकरण केले. असा संग्रह हाती असला म्हणजे दर शंभर ओव्यांत ‘सावळा’ किती वेळा, ‘गोरा’ किती वेळा आणि कोणासाठी, हे मांडता येते. माझ्या मते यातला ‘कोणासाठी’ हाच खरा प्रश्न आहे.

कारण तुकोबांची पालखी दरवर्षी बारामती, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने जाते, आणि ज्याच्यासाठी ती जाते तो विठ्ठल सावळाच आहे. त्याच्या काळेपणाची कोणालाही लाज वाटत नाही. उलट तेच त्याचे रूप. आणि वारीहून परत आलेले घर सून पाहावयास निघाले म्हणजे? वर्तमानपत्रांतील ‘वधू पाहिजे’ची जुनी पाने काढावी आणि वर्षावर्षांनी ‘गोरी’ हा शब्द मोजावा. १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. २०२० मध्ये तिच्या नावातील ‘फेअर’ गेले. त्या दोन वर्षांच्या आजूबाजूला जाहिरातींची रेषा कशी चालते, ते पाहण्यासारखे आहे. नाव बदलले म्हणजे पसंती बदलली असे धरून चालू नये. सावळ्या मुलीच्या बापाला विचारा, तो नलिका पाहून नव्हे, आलेली नकारपत्रे पाहून उत्तर देईल.

एक सावधगिरी मात्र हवी. ओव्यांची रेषा व जाहिरातींची रेषा एकाच कागदावर काढली, तर पहिली हळूहळू विरत गेलेली दिसेल. ‘सावळा’ आवडेनासा झाला असा अर्थ कोणी घाईने काढील. वास्तविक गावोगाव पिठाची गिरणी आली, पहाटेचे जाते थांबले, आणि त्याबरोबर मोजावयाच्या ओव्याही थांबल्या.