एक्झिट कोड (शेल आज्ञेचा)

शेलमार्फत चालवलेली आज्ञा संपताना तिला चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे जो पूर्णांक सोपवते, तो एक्झिट कोड. ० म्हणजे काम झाले, दुसरे काहीही म्हणजे फसले, असा सर्वसाधारण संकेत आहे. प्रोग्रॅमच्या हाती मात्र हाच आकडा येईल, असे नाही.

सी भाषेतील ‘सिस्टिम’ हे फंक्शन लिनक्स आणि इतर युनिक्स प्रणालींवर ‘वेट स्टेटस’ परत देते. त्याच्या खालच्या सात बिटांत आज्ञा ज्या सिग्नलने मारली गेली त्याचा क्रमांक असतो, आठव्यात कोअर डंपची खूण आणि त्यावरच्या आठांत खरा कोड. म्हणून आज्ञा १ देऊन संपली तर हाती २५६ येतात. पायथॉनच्या ओएस मॉड्यूलमधले याच नावाचे फंक्शनही तसेच वागते. रात्री बॅकअप घेणाऱ्या स्क्रिप्टने हे २५६ तसेच स्वतःचा एक्झिट कोड म्हणून पुढे दिले, तर अनर्थ होतो. युनिक्स कोडचे खालचे आठच बिट ठेवते आणि २५६ चे ते आठही बिट शून्य असतात. बॅकअप झालेला नसतो, तरी देखरेख करणाऱ्या यंत्रणेला ० दिसतो. अपयशाची नोंदच न होणे हा या विषयातला सर्वांत घातक दोष होय.

विंडोजवर अशी बांधणी नसते. सीएमडी या तिथल्या शेलचा ३२ बिटांचा कोड थेट मिळतो. तिथे युनिक्सच्या सवयीने आठ बिट उजवीकडे सरकवले, तर १ चा ० होतो. निषिद्ध मेमरीला हात लावून कोसळलेला प्रोग्रॅम ३२२१२२५४७७ देतो. तेच बिट चिन्हासह वाचले की −१०७३७४१८१९ दिसतात. पायथॉनमध्ये ३.९ आवृत्तीपासून वेट स्टेटसचा कोड करून देणारे तयार फंक्शन आहे, पण विंडोजवर तेही आठ बिट उजवीकडे सरकवते. म्हणून दोन्ही प्रणालींवर चालणाऱ्या प्रोग्रॅमने ‘सिस्टिम’चा आकडा त्यातून फक्त युनिक्सवर न्यावा आणि विंडोजवर आहे तसाच घ्यावा.

काही आकडे खुद्द युनिक्स शेलचे असतात: आज्ञा सापडली नाही तर १२७, सापडली पण चालवता आली नाही तर १२६, सिग्नलने मेली तर १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक. १३७ म्हणजे ९ क्रमांकाचा किल सिग्नल. लिनक्सवर मेमरी संपल्याचा संशय आधी घ्यावा. पायथॉनचे सबप्रोसेस मॉड्यूल थेट चालवलेल्या प्रोग्रॅमबाबत हीच गोष्ट −९ अशी सांगते.

शून्याचा संकेतही सगळे पाळत नाहीत. ग्रेपचा १ म्हणजे जुळणारी ओळ सापडली नाही. खरी चूक २ पासून. विंडोजच्या रोबोकॉपीत १ म्हणजे फाइली नीट कॉपी झाल्या, आणि ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तरच काही फाइली राहून गेल्या असे समजावे.