पोर्शियाची स्थळं आणि नाथांचा तुर्क

शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये पोर्शिया आपल्याला आलेल्या स्थळांची यथेच्छ टिंगल करते. नेपल्सचा राजपुत्र घोड्याशिवाय बोलत नाही, जर्मन कायम प्यालेला, इंग्रजाचे कपडे देशोदेशीचे. स्कॉटिश सरदारालाही ती सोडत नाही. पण १६०३ मध्ये स्कॉटलंडचाच राजा इंग्लंडच्या गादीवर बसला, आणि १६२३ च्या छापील प्रतीत ‘स्कॉटिश’ शब्द जाऊन तिथे नुसतं ‘दुसरा’ आलं. टिंगल राहिली, नाव तेवढं गेलं!

त्या प्रवेशात पोर्शिया ज्या सहा जणांना नावं ठेवते, त्यांतला एकही रंगमंचावर येत नाही. उत्तर देणार कोण?

त्याच सोळाव्या शतकात, निजामशाहीतल्या पैठणला एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला. राज्य मुसलमानाचं, लिहिणारा ब्राह्मण. तरी यात तुर्काला पूर्ण तोंड दिलंय, तेही त्याच्या दख्खनी बोलीत. तो विचारतो, तुमचा देव बळीच्या दारात राखणदार कसा? बायको पळवली गेली, तो कसला देव? ब्राह्मण मराठीत उलटतो: अल्ला सगळीकडे आहे ना, मग तोंड पश्चिमेलाच का? कापलेला प्राणी स्वर्गात जातो, तर स्वतःचाच नंबर आधी का लावत नाही? आज कुणी हे व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं तर रात्रीपर्यंत गुन्हा दाखल. नाथांकडे मात्र दोघं पोटभर भांडतात आणि शेवटी गळाभेट घेतात.

मी भिवंडीचा. इथे यंत्रमागावर उत्तर प्रदेशचे अन्सारी, तेलंगणचे पद्मशाली, मराठी, सगळेच. ‘भय्या’, ‘मियाँ’, ‘घाटी’, प्रत्येकाला दुसऱ्याची नक्कल जमते, आणि ती बहुतेक वेळा त्याच्या पाठीमागेच होते. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून इथे दंगल पेटली, १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा.

१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. दोन्ही बाजूंची सामान्य माणसं एकत्र बसवायची, गाऱ्हाणी तोंडावर बोलायची. सुरुवातीच्या बैठकांत काय काय टोमणे उडाले असतील, कल्पना करा. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती. भिवंडी शांत होती.