जेफरसनची बाटली आणि जुन्या वाइनची साक्ष

१/ ५ डिसेंबर १९८५. लंडनच्या क्रिस्टीज लिलावगृहात वाइनची एक बाटली १,०५,००० पौंडांना विकली गेली. काचेवर १७८७ हे साल, लाफीत हे नाव आणि थॉमस जेफरसन यांची आद्याक्षरे कोरलेली होती. पॅरिसमध्ये भिंतीआड बुजलेल्या एका तळघरात ती सापडली, असे सांगितले गेले. ही साक्ष कितपत विश्वासार्ह होती?

२/ त्याआधी एक मूलभूत प्रश्न. वाइन इतकी वर्षे टिकतेच कशी? मध्ययुगात बोर्दोची वाइन लाकडी पिंपांतून इंग्लंडला जाई. पिंप अर्धे झाले की आत हवा शिरे आणि वाइन आंबट होई. त्यामुळे तेव्हा नव्या वाइनला भाव होता, जुनीला नव्हता.

३/ हे चित्र काचेने पालटले. १६१५ साली इंग्लंडमध्ये काचभट्ट्यांत लाकूड जाळण्यास राजाज्ञेने बंदी झाली. दगडी कोळशाच्या प्रखर आचेवर जाड, काळपट, मजबूत बाटल्या घडू लागल्या. जोडीला नैसर्गिक बूच आले. अठराव्या शतकात बाटली सडपातळ व दंडगोल झाली आणि आडवी ठेवता येऊ लागली. आडव्या बाटलीत बूच ओले राहते, म्हणून फुगलेले राहते आणि हवा रोखते.

४/ आता आतली प्रक्रिया. काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाची साल जाड असते. तिच्यातील टॅनिनमुळे तरुण वाइन कडक कोऱ्या चहासारखी तुरट लागते. काळ जाईल तसे टॅनिन व रंगद्रव्यांचे कण एकमेकांना जुळतात, जड होतात आणि गाळ बनून तळाशी बसतात. तुरटपणा मवाळ होतो.

५/ म्हणून जुनी बाटली उघडण्यापूर्वी निदान एक दिवस उभी ठेवतात. मानेखाली मेणबत्ती धरून वाइन संथपणे दुसऱ्या भांड्यात ओततात आणि गाळ दिसताच थांबतात. पेला पांढऱ्या कापडावर तिरपा धरला, की कडेचा रंग जांभळा नव्हे, विटकरी दिसतो. वासात ताज्या फळापेक्षा तंबाखू, चामडे, ओली पाने, अळंबी जाणवतात. फार जुनी वाइन हवेत लवकर मावळते, म्हणून रेंगाळू नये.

६/ जेफरसन या वाइनचे खरेखुरे जाणकार होते. फ्रान्समध्ये अमेरिकेचे राजदूत असताना मे १७८७ मध्ये ते बोर्दोला गेले. मार्गो, लातूर, ओ-ब्रियों आणि लाफीत हे चार मळे त्यांनी सर्वोत्तम म्हणून नोंदवले. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी दलालांनी भावांच्या आधारे प्रतवारी केली, तेव्हा पहिल्या श्रेणीत हेच चार होते. पाचवे नाव, मूतों, त्यांत शिरले ते थेट १९७३ मध्ये.

७/ कथा पटण्याजोगी होती ती यामुळेच. पण जेफरसन खर्चाचा बारीकसारीक हिशेब ठेवत आणि पत्रांच्या प्रती जपत. त्यांच्या माँटिचेलो या निवासस्थानाच्या संशोधकांना त्या कागदपत्रांत या बाटल्यांचा माग सापडला नाही.

८/ लिलावातील बाटली फोर्ब्स कुटुंबाने घेतली आणि प्रदर्शनात दिव्याखाली मांडली. उष्णतेने बूच आक्रसले व आत घसरले. दोन शतके टिकल्याचा दावा असलेली वस्तू काही महिन्यांत निकामी झाली.

९/ त्याच साठ्यातील म्हणवल्या जाणाऱ्या चार बाटल्या अमेरिकी उद्योजक बिल कोक यांनी विकत घेतल्या होत्या. पुढे त्यांनी तपास आरंभला. अणुचाचण्यांनंतर जगभर पसरलेले सीझियम-१३७ वाइनमध्ये आढळले नाही. म्हणजे ती अणुयुगापूर्वीची असू शकत होती. पण जेफरसन यांची होती, हे त्यातून सिद्ध होत नव्हते. निर्णायक ठरली ती अक्षरे. ती विजेवर चालणाऱ्या आधुनिक हत्याराने कोरलेली आहेत, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष निघाला. प्रकरण न्यायालयात गेले. बाटल्या पुरवणाऱ्या जर्मन संग्राहकाने आरोप अखेरपर्यंत नाकारले.

१०/ लक्षात घ्या, या साठ्यातील काही बाटल्या नामांकित चाखणाऱ्यांनी उघडल्या होत्या आणि वाइनची वाखाणणीही केली होती. जिभेला वय कळते, मालक कळत नाही. ताम्रपट असो वा बखर, चौकशी तीच: ही वस्तू कोणाच्या हातून आली आणि समकालीन कागद तिच्याविषयी काय बोलतात? जेफरसन यांच्या वह्या या बाटल्यांविषयी गप्प होत्या. ते मौन १९८५ सालीही ऐकता आले असते.